फोनमध्ये शिरलेला व्हायरस ओळखायचा कसा, आणि शिरल्यावर आधी काय करायचं?

कृष्णाकाठ

थेट मुद्द्यावर येतो. अँड्रॉइड फोनमध्ये काहीतरी घुसलंय अशी शंका आली, तर पहिलं काम कुठलं? फोन साफ करायचा, की तो तसाच ठेवून बँक आणि पोलिसांकडे धाव घ्यायची? आणि घुसलंय हे ओळखायचं कशावरून?

विचारायचं कारण म्हणजे कराडच्या मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाईल (म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणारी फाईल) आली. पाठवणारे त्यांचे जुने सहकारी, नंबरही त्यांचाच. मामांनी ती उघडली, फोनने जे जे विचारलं त्याला हो म्हटलं. पत्रिका काही दिसली नाही, म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला. संध्याकाळपर्यंत तीच फाईल मामांच्या नंबरवरून आमच्या भावकीच्या सगळ्या ग्रुपवर फिरली आणि रात्री खात्यातून दोनदा पैसे गेले. मामेभावाने घाबरून लगेच फॅक्टरी रीसेट मारला, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा कोरा केला. दुसऱ्या दिवशी सायबर शाखेत गेलो तर पहिलाच प्रश्न आला, “फाईल कुठाय? अ‍ॅपचं नाव काय होतं?” दोन्हीचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

माझं मत असं होत चाललंय की ‘कुठला अँटीव्हायरस चांगला’ यावर आपण फार बोलतो आणि आधी काय, मग काय, यावर जवळजवळ बोलतच नाही. ज्यांनी स्वतः असं प्रकरण निस्तरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेवंती

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हीच पत्रिका आली होती. नवरा-नवरी कोण हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी तिघांनी उघडली. आमंत्रण म्हटलं की आपल्याकडे हात थांबत नाही!

बंड्या_कोथरूड

मामेभावाने केलं ते बरोबरच केलं. फॅक्टरी रीसेट हा एकच उपाय. बाकी सगळं मलमपट्टी.

घाटमाथा

बंड्या, इतकं सोपं नाही. आधी ही फाईल नेमकं काय करते ते लिहितो, म्हणजे रीसेटने काय थांबतं आणि काय थांबत नाही ते कळेल. माझं रोजचं काम मोबाईल अ‍ॅप तपासण्याचं आहे, त्यामुळे असल्या फाईली वरचेवर हाताखालून जातात.

पत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी, वीजबिल, बँकेची केवायसी, नाव काहीही असो, आतला माल साधारण एकच. अ‍ॅप बसलं की पहिल्यांदा एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की आलेला प्रत्येक मेसेज गुपचूप बाहेर पाठवला जातो, बरेचदा टेलिग्राम या मेसेजच्या अ‍ॅपवरच्या एखाद्या बॉटकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्याकडे. म्हणजे ओटीपी तुमच्या फोनवर येतो त्याच क्षणी तो चोरालाही दिसतो. काही अ‍ॅप त्यापुढे जाऊन बँकेसारखं दिसणारं पान दाखवतात आणि कार्डाचा नंबर, जन्मतारीख, पिन भरून घेतात. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या अशाच अ‍ॅपबद्दल इशारा दिला होता, त्यात आयकराच्या परताव्याचं आमिष होतं. पद्धत हीच.

मामांच्या नंबरवरून फाईल कशी गेली? चोर त्याच्या स्वतःच्या फोनवर मामांचा नंबर टाकून व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतो. पडताळणीचा कोड एसएमएसने मामांच्या फोनवर येतो, तिथून तो चोराकडे पोचतो. पुढे तो मामा बनून सगळ्या ग्रुपवर बोलतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावलेला असेल तर नुसत्या कोडवर हे जमत नाही.

आता सांगा, मामांचा फोन रीसेट केल्याने चोराच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद होतं का? बाहेर गेलेला कार्ड नंबर परत येतो का? रीसेटने फक्त पुढची गळती थांबते. तेवढं तर सिम काढून वाय-फाय बंद केलं तरी होतं.

सायली_ब

घाटमाथा, उत्तम प्रतिसाद. एक शंका. फाईल नुसती डाउनलोड झाली, उघडली नाही, तर काही होतं का? माझ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या फाईली आपोआप उतरतात.

घाटमाथा

@सायली_ब, उतरलेली एपीके म्हणजे न उघडलेलं पार्सल. तुम्ही इन्स्टॉल केल्याशिवाय ती चालत नाही. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ‘अनोळखी अ‍ॅप बसवायची परवानगी’ प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपला एकदा ती दिली की पुढच्या वेळी तो अडथळा उरत नाही, हे मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. ती आपोआप उतरायची सेटिंग बंद करून टाका.

निशाचर

“उघडल्याशिवाय काही होत नाही” हे पेगासस या हेरप्रोग्रामसमोर कसं टिकतं? २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता कॉल आला, उचलला नाही, तरी फोन ताब्यात गेले होते. सुमारे १,४०० लोक होते त्यात.

घाटमाथा

बरोबर आहे, पण ती दुनिया वेगळी. एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीचं ते हत्यार सरकारांना विकलं जातं आणि निवडक माणसांवर चालवलं जातं. त्यात फोनच्या किंवा अ‍ॅपच्या आतली, कोणालाच माहीत नसलेली फट वापरतात. २०२१ मध्ये आयफोनच्या आयमेसेज या मेसेजच्या अ‍ॅपमधली अशीच फट सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने उघडकीस आणली आणि अ‍ॅपलने आयओएस (आयफोनची प्रणाली) १४.८ काढून ती बुजवली. तुम्ही पत्रकार, वकील किंवा कार्यकर्ते असाल तर आयओएस १६ पासून आलेला ‘लॉकडाऊन मोड’ वापरा, अपडेट आलं की त्याच दिवशी टाका आणि फोन रोज एकदा बंद करून चालू करा. असले कित्येक हेरप्रोग्राम रीस्टार्टनंतर टिकत नाहीत, त्यांना पुन्हा घुसावं लागतं. तपासायचंच असेल तर अ‍ॅम्नेस्टीने एमव्हीटी नावाचं साधन मोफत दिलंय, पण ते चालवायला जाणकार माणूस लागतो.

मामांना मात्र पेगासस पाठवायला कोणी पैसे खर्च करत नाही. त्यांच्यासाठी पत्रिका पुरते.

वकील_वाड्यातले

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला हात घालतो. अशा तक्रारी घेऊन माणसं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा क्रम उलटा झालेला असतो. आधी फोन दुकानात, मग नातेवाइकांना फोन, मग बँक, आणि चौथ्या दिवशी पोलीस.

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३०. घरातल्या दुसऱ्या फोनवरून लावायचा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा तो क्रमांक आहे आणि त्यामागे बँका एकमेकींशी जोडलेल्या आहेत. पैसे चोराच्या पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जाऊन एटीएममधून निघायच्या आत कळवलं, तर जिथे असतील तिथे ते गोठवता येतात. एकदा रोख निघाली की मागे उरतो तो फक्त कागद. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी बँकेच्या हेल्पलाईनवर खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्यायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. वेळेसकट.

वेळेला इतकं महत्त्व का? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित. निष्काळजीपणा ग्राहकाचा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलाय. काउंटरवरचा माणूस “तुम्हीच ओटीपी दिला” म्हणून फाईल मिटवायला बघतो. मामांनी ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही, तो फोनमधून चोरला गेला. हे वाक्य तक्रारीत जसंच्या तसं यायला हवं, आणि त्याला आधार म्हणून ते अ‍ॅप आणि त्याच्या परवानग्या दाखवता यायला हव्यात. म्हणून रीसेटची घाई नको.

बंड्या_कोथरूड

पण तोपर्यंत फोन तसाच चालू ठेवायचा? आत चोर बसलेला असताना?

वकील_वाड्यातले

चालू ठेवायचा नाही, तोडायचा. सिम बाहेर, वाय-फाय बंद. मग दुसऱ्या फोनने त्या फोनच्या पडद्याचे फोटो काढायचे: अ‍ॅपचं नाव, त्याला दिलेल्या परवानग्या, तो चॅट, फाईल, आलेले ओटीपीचे मेसेज. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते कसं द्यायचं हे वकील किंवा तपास अधिकारी सांगतील, पण आधी पुरावा तर शिल्लक पाहिजे.

तांबडी_माती

+१. आणि सिमबद्दल एक भर. काढलेलं सिम ड्रॉवरमध्ये ठेवू नका. घरात जुना बटणांचा फोन असेल तर त्यात घाला. एक तर बँकेचे मेसेज तुम्हाला मिळत राहतात. दुसरं म्हणजे चोर अजून काय काय करू बघतोय ते त्या ओटीपींवरून कळतं. आमच्या काकूंच्या वेळी सिम साध्या फोनमध्ये टाकलं आणि लगेच तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे ओटीपी येऊन पडले, त्यात एक तर कर्ज देणारं अ‍ॅप होतं. त्यांच्या नावावर कर्ज काढायचा घाट होता. ते आम्ही लगेच त्या कंपनीला कळवू शकलो.

आणि ‘एअरप्लेन मोड’वर विसंबू नका. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत तुम्ही एकदा विमान मोडमध्ये वाय-फाय चालू केलेलं असेल तर फोन ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी वाय-फाय चालूच राहतं. वर विमानाचं चिन्ह दिसतं आणि खाली सगळं धो-धो बाहेर जात असतं. राउटरच बंद करा.

मोगरा_दारी

ओळखायचं कसं यावर कोणी बोलेल का? माझा फोन हल्ली फार गरम होतो आणि बॅटरी दुपारीच संपते. व्हायरस असेल का?

चांदाफोर्ट

ताई, मी चंद्रपूरला राहतो. इथे मे महिन्यात फोनच काय, पंख्याचं बटणही गरम होतं.

मोगरा_दारी

😄 इथे नागपुरात तरी कुठे वेगळं आहे!

घाटमाथा

गरम होणं, बॅटरी उतरणं, फोन संथ होणं, यावरून काहीच ठरत नाही. जुनी बॅटरी, खराब रेंज, व्हिडिओ, एवढी साधी कारणं पुरतात. उलट हे एसएमएस चोरणारे प्रोग्राम फार हलके असतात. त्यांचं काम मेसेज आला की पुढे ढकलायचा, बस. बॅटरीवर त्याचा मागमूसही लागत नाही.

मी बघतो ते परवानग्या. सेटिंग्जमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ उघडा आणि एसएमएसवर जा. तिथे मेसेजचं अ‍ॅप, फोनचं अ‍ॅप, बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप, एवढेच असायला हवेत. ‘टॉर्च’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’ दिसलं की थांबा. मग ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’. ही सोय अंध आणि अपंग वापरकर्त्यांसाठी आहे. ती ज्या अ‍ॅपला मिळते ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. तुम्हाला तशी गरज नसेल तर ती यादी रिकामीच असायला हवी. पुढे ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’, ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि ‘इतर अ‍ॅपवर दिसणं’. या पाच यादींवर नजर फिरवली तर बहुतेक पाहुणे सापडतात. होम स्क्रीनवर मात्र शोधू नका, तिथलं चिन्ह हे प्रोग्राम लपवतात. सेटिंग्जमधली सगळ्या अ‍ॅपची यादी बघा.

तांबडी_माती

काकूंच्या फोनमध्ये नेमकं हेच होतं. ‘सिस्टिम अपडेट’ नाव, दातेरी चाकाचं चिन्ह. कोणालाही वाटेल कंपनीचंच आहे. अ‍ॅपवर बोट ठेवलं की त्याचं पान जेमतेम दिसायचं, ‘अनइन्स्टॉल’ वाचून होईपर्यंत फोन आपोआप मागे जाऊन होम स्क्रीनवर यायचा. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. काकू म्हणाल्या, “अगं, माझ्या बोटाला घाम आहे म्हणून होत असेल.” पदराने काच पुसून पुसून त्यांनी स्वतःही करून पाहिलं. ते अ‍ॅपच अ‍ॅक्सेसिबिलिटीची ताकद वापरून ‘मागे’ दाबत होतं.

शेवटी सेफ मोडने काम झालं. पॉवरचं बटण दाबून धरलं, पडद्यावर ‘पॉवर ऑफ’ आलं, त्यावरच बोट दाबून ठेवलं, तर सेफ मोडबद्दल विचारणा झाली. (काही फोनमध्ये पद्धत वेगळी असते, कंपनीच्या साईटवर मिळते.) सेफ मोडमध्ये बाहेरून आलेली अ‍ॅप चालतच नाहीत. आता अ‍ॅपचं पान स्थिर राहिलं, पण ‘अनइन्स्टॉल’ करड्या रंगात, दाबलं जाईना. कारण ते डिव्हाइस अ‍ॅडमिन होतं. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी तो अधिकार काढला, मग ते निघालं. प्रत्येक पायरीचा फोटो आधी काढून ठेवला होता, तो तक्रारीला जोडला.

त्यानंतर रीसेट केलाच. बंड्यादादांचं रीसेटबद्दलचं म्हणणं मला पटतं, फक्त ते शेवटी यायला हवं.

बंड्या_कोथरूड

चला, निदान शेवटी तरी जागा मिळाली! पटलं. क्रम बदलतो माझा.

अनुपमा_डोंबिवली

अँटीव्हायरसला एवढं कमी लेखू नका. वडिलांच्या फोनवर क्विक हील आहे. चलनाची फाईल त्यांनी उघडायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने लाल पडदा दाखवून अडवलं. त्या एका अडवणुकीने आमचे पैसे वाचले.

घाटमाथा

@अनुपमा, ते अडवणं खरंच मोलाचं आहे, वयस्कर माणसांच्या फोनवर असायलाच हवं. मी मर्यादा सांगतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात राहतं, दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावता येत नाही. अँटीव्हायरसही शेवटी एक अ‍ॅपच. कुठली अ‍ॅप बसली आहेत आणि त्यांच्या फाईली कशा आहेत, हे तो बघू शकतो, ओळखीच्या वाईट फाईलींशी ताडून पाहू शकतो. पण चोर तीच फाईल थोडी बदलून पुन्हा बांधतात आणि ताजी फाईल यादीत यायला वेळ जातो. म्हणून ‘स्कॅन केलं, हिरवं आलं’ यावर निर्धास्त राहू नका. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गूगलची स्वतःची अ‍ॅप तपासणी, चालू आहे ना ते आधी बघा. स्टोअरमध्ये वर स्वतःच्या चित्रावर टिचकी मारली की सापडतं. बाहेरून आलेलं अ‍ॅप एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी मागत असेल तर ते बसवूच द्यायचं नाही, असा प्रयोग गूगलने २०२४ मध्ये सिंगापूरला सुरू केला आणि नंतर भारतातही आणला.

सरकारी पर्याय हवा असेल तर सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर सी-डॅक या सरकारी संस्थेचं एम-कवच २ हे सुरक्षेचं अ‍ॅप आहे, मोफत.

निशाचर

प्ले स्टोअरवरचं ते सगळं सुरक्षित, असंही नाही. ‘जोकर’ नावाचा व्हायरस २०१७ पासून तिथे फिरत होता, मागे न कळता सशुल्क सेवा चालू करायचा. २०२० च्या जानेवारीत गूगलनेच सांगितलं की या एका घराण्यातली १,७०० अ‍ॅप आम्ही काढली.

चांदाफोर्ट

आणि बाहेरच्या दुकानांचं तर विचारूच नका. २०१९ चा ‘एजंट स्मिथ’ व्हायरस आठवतोय? चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने शोधला होता. अडीच कोटी फोन, त्यातले दीड कोटी भारतातले. नाईनअ‍ॅप्स नावाच्या दुकानातून यायचा आणि तुमच्या फोनवरच्या चांगल्या अ‍ॅपच्या जागी त्यांचीच जाहिरातवाली नक्कल बसवायचा. आमच्या भागात तेव्हा स्वस्त फोन आणि फुकट गेमसाठी पोरं असल्या दुकानांतूनच सगळं उतरवायची.

जुनी_लोकल

तुम्ही सगळे २०१७ चं बोलताय, मी २००४ ला घेऊन जातो. 🙂 अवांतर होईल, पण थोडं जोडलेलंही आहे.

मोबाईलवर पसरणारा पहिला किडा ‘काबिर’, नोकियाच्या सिम्बियन फोनवरचा. ब्लूटूथने पसरायचा. पडद्यावर ‘कारिबे’ असा शब्द यायचा. ब्लूटूथची झेप दहाएक मीटर, म्हणजे गर्दी असेल तिथेच त्याची चंगळ. २००५ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीला जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा होत्या, तिथल्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या फोनवर तो पसरला होता. आणि तेव्हाही तो स्वतःहून घुसायचा नाही. “फाईल घ्यायची का?” असं विचारायचा. नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचा. पुन्हा नाही, पुन्हा विचारणा. शेवटी माणूस कंटाळून ‘हो’ दाबायचा. उपाय सोपा होता, त्या फोनपासून लांब चालत जायचं किंवा ब्लूटूथ बंद करायचं.

आजचं ‘अलाऊ, अलाऊ, अलाऊ’ बघतो तेव्हा वाटतं, माणसाला थकवून हो म्हणवून घ्यायची ती युक्ती इतक्या वर्षांत बदललेली नाही.

शेवंती

काय सुंदर आठवण! नोकिया ६६०० माझ्याकडे होता, चर्चगेट फास्टमध्ये ब्लूटूथवर गाणी मागायचो एकमेकांकडे.

आयफोनवाली_पणजी

म्हणजे आयफोनवाल्यांनी हा धागा वाचायची गरज नाही तर! एपीके आमच्याकडे उघडतच नाही.

घाटमाथा

एपीके उघडत नाही, खरं आहे. पण बँकेसारखं दिसणारं खोटं पान आयफोनवरही तितकंच उघडतं. तुमच्या सेटिंगमध्ये ‘व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट’ बघा, तिथे न ओळखीचं प्रोफाईल असेल तर काढा. कॅलेंडरमध्ये “तुमच्या फोनला व्हायरस लागलाय” असे कार्यक्रम दिसत असतील तर ते कोणीतरी पाठवलेलं कॅलेंडर तुम्ही स्वीकारलंय, तेवढं काढलं की झालं. २०१५ मध्ये ‘एक्सकोडघोस्ट’ नावाच्या व्हायरसने तर अ‍ॅप बनवणाऱ्यांचं साधनच बिघडवलं होतं, त्यामुळे खुद्द अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये बाधित अ‍ॅप पोचली होती.

मोगरा_दारी

अय्या, “तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले, लगेच साफ करा” हे मला अँड्रॉइडवरच येतंय, दिवसातून कितीतरी वेळा! म्हणूनच तर मी गरम होण्याचं विचारलं.

तांबडी_माती

@मोगरा_दारी, तो व्हायरस नाही, ती जाहिरात आहे. कुठल्यातरी साईटने “नोटिफिकेशन दाखवू का?” विचारलं असेल आणि ‘अलाऊ’ दाबलं गेलं असेल. त्या सूचनेवर टिचकी मारू नका, तिथेच खरा सापळा असतो. सूचना दाबून धरा, खाली साईटचं नाव दिसेल, तिथूनच बंद करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘साईट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन परवानगी दिलेल्या सगळ्या अनोळखी साईट काढून टाका.

मोगरा_दारी

काढल्या. अकरा साईट होत्या! एकही ओळखीची नव्हती. खूप खूप आभार, तांबडी माती.

खडकवासला_बॅकवॉटर

रीसेटवाल्यांसाठी आणखी एक. फोन अगदी स्वस्त, नाव न ऐकलेल्या कंपनीचा असेल तर रीसेटनेही भागेलच असं नाही. ‘ट्रायडा’ नावाचा व्हायरस कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने २०१६ मध्ये मांडला, आणि २०१९ मध्ये गूगलने सांगितलं की काही फोनमध्ये तो कारखान्यातून निघतानाच मूळ प्रणालीत होता. पुरवठ्याच्या साखळीत कोणीतरी घातलेला. त्याच सुमाराचा ‘एक्सहेल्पर’ रीसेट करूनही परत उगवायचा, कारण तो रीसेट जिथे पोचत नाही त्या भागात स्वतःची प्रत ठेवायचा. अशा फोनवर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर नव्याने चढवावं लागतं. माझ्या दुकानात असा फोन आला की मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, यावर बँकेचं अ‍ॅप ठेवू नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, तुमचं ते “ओटीपी फोनमधून चोरला गेला” वाक्य तक्रारीत घालून बँकेला नवीन अर्ज दिला. पण फाईल नाही हा प्रश्न आहेच. त्यावर काही मार्ग?

घाटमाथा

आहे की! तुम्हीच लिहिलंय, फाईल मामांच्या नंबरवरून भावकीच्या सगळ्या ग्रुपवर गेली. म्हणजे ज्यांनी ती उघडली नाही त्यांच्या चॅटमध्ये अजून असेल. फोनवर त्या फाईलला हात लावू नका. अशा एखाद्या नातेवाइकाचं व्हॉट्सअ‍ॅप संगणकावर उघडा आणि तिथे फाईल उतरवा, विंडोजवर ती आपोआप चालत नाही. तिथून व्हायरसटोटल या फाईल तपासणाऱ्या साईटवर टाका. अनेक अँटीव्हायरसचं मत एकाच पानावर मिळतं आणि फाईलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा म्हणा, तोही मिळतो. ते पान छापून तपास अधिकाऱ्यांना द्या.

कृष्णाकाठ

कमाल! पुसेसावळीच्या आत्याच्या चॅटमध्ये सापडली. त्यांना चष्मा सापडत नव्हता म्हणून उघडली नव्हती. व्हायरसटोटलवर बऱ्याच इंजिनांनी लाल दाखवलं, एसएमएस वाचायची परवानगी मागते हेही त्याच पानावर स्पष्ट आहे. छापून सायबर शाखेत दिलं, त्यांनी तक्रारीला जोडून घेतलं. पैशांचं अजून काही कळलेलं नाही.

वकील_वाड्यातले

आत्यांना माझा नमस्कार सांगा! बँकेने लेखी नकार दिला तर तो जपून ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तोच लागतो. ३० दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तरी जाता येतं.

सायली_ब

रीसेटनंतर फोटो, संपर्क परत आणताना व्हायरस परत येतो का? आणि पासवर्ड कधी बदलायचे?

तांबडी_माती

फोटो आणि संपर्क बिनधास्त आणा. अ‍ॅप मात्र बॅकअपमधून न आणता प्ले स्टोअरवरून एकेक नव्याने घ्या. कुठलीही जुनी एपीके परत ठेवू नका. पासवर्ड लगेच बदलायचे, पण दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा संगणकावरून. बाधित फोनवरून बदललात तर नवा पासवर्डही चोरालाच कळेल. आधी गूगल किंवा ईमेलचा, कारण बाकी सगळे त्यावरूनच बदलता येतात, मग बँकेचे. गूगल खात्यात कुठली कुठली उपकरणं जोडलेली आहेत ती यादी बघा. व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या फोनवर पुन्हा सुरू केलं की चोराच्या फोनवरचं बंद पडतं. तिथेच टू-स्टेपचा पिन लावून टाका. चोराने आधीच स्वतःचा पिन लावला असेल तर मात्र सात दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात सगळ्यांना साध्या फोनने कळवून ठेवा. कॉलच्या सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’वर कुठला नंबर नाही ना, तेही पाहा.

आणि रीसेटच्या आधी गूगलचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा. नाहीतर फोन साफ होतो आणि आपल्यालाच आत घेत नाही.

अनुपमा_डोंबिवली

हा धागा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर टाकू का?

घाटमाथा

नक्की टाका. मजकूर म्हणून टाका, फाईल करून नको, नाहीतर संघातले शहाणे लोक उघडणारच नाहीत, आणि ते बरोबरच असेल!

कृष्णाकाठ

रविवारी मामा, मामी आणि आत्या, तिघांचे फोन घेऊन बसलो. ‘अनोळखी अ‍ॅप बसवा’ या यादीत मामींच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाईल मॅनेजर तिन्हींना परवानगी होती. कोणी कधी दिली त्यांनाच माहीत नाही. तिन्ही बंद केल्या. यूपीआयची रोजची मर्यादा कमी केली. खडकवासला, तुम्हाला एक विचारायचं होतं. मामांचा फोन सात वर्षांचा आहे, सुरक्षेचं शेवटचं अपडेट २०२१ चं दाखवतो. रीसेट झालाय, यादीत काही संशयास्पद नाही. त्यावर बँकेचं अ‍ॅप परत टाकू का?

खडकवासला_बॅकवॉटर

नको. २०२१ नंतर सापडलेल्या सगळ्या फटी त्या फोनमध्ये उघड्याच आहेत. त्यावर फोन, फोटो, भजनं चालू द्या. पैशांचं अ‍ॅप घरातल्या ज्या फोनला अजून अपडेट येतात त्यावर ठेवा. नवा घेणार असाल तर कंपनी किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार हे दुकानदाराला आधी विचारा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते नंतर.